खालचं झाकण

त्याला सगळे झाकणराव म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तोही निमूट ओ द्यायचा. आता एखाद्याला झाकण म्हणणं म्हणजे त्याच्या अकलेचं कौतुक नव्हे, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? पण या माणसाच्या अकलेबद्दल कुणाला शंका नव्हती. नाव पडलं ते त्याच्या हट्टापायी.

हट्ट असा. मोटारीच्या इंजिनाला पुढच्या अंगाला एक दातेरी रबरी पट्टा असतो, टायमिंगचा. आतल्या सगळ्या हालचाली एकमेकींशी जुळवून ठेवायच्या, हे त्याचं काम. तो तुटला की इंजिन जागच्या जागी मरतं. या पट्ट्यावर प्लास्टिकची दोन झाकणं असतात, एक वर आणि एक खाली. वरचं काढाघालायला सोपं. खालचं म्हणजे नुसता वैताग. त्याच्यासाठी पुली उतरवावी लागते, हात धड पोचत नाही, बोटांची सालटी निघतात. त्यातून ते जुनं झालं की बोल्ट घालायचे त्याचे कान तुटतात. मग निम्मे मिस्त्री काय करतात, तर खालचं झाकण देतात कोपऱ्यात भिरकावून आणि गाडी सोडतात. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. गाडीही चालते. खोटं कशाला बोलू, वर्षानुवर्षं चालते.

झाकणरावाच्या गॅरेजमधून मात्र खालच्या झाकणाशिवाय एक गाडी बाहेर पडायची नाही. मग गिऱ्हाईक हात जोडो नाहीतर डोकं फोडो.

"अहो, नवीन झाकण यायला आठवडा लागेल म्हणतात. तोवर तसंच चालवतो की."

"नाही."

"आठवड्याचा तर प्रश्न आहे. झाकण म्हणजे काय चाक आहे का?"

"नाही म्हटलं ना. चालत जा."

शाळेतल्या एक बाई होत्या, निळी गाडी चालवायच्या. त्या फार भांडल्या तेव्हा त्यानं त्यांची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली आणि शांतपणे दुसऱ्या गाडीखाली शिरला. बाईंनी त्याच्या दोन पायांकडे बघत पाच मिनिटं त्याला शिकवलं, आणि मग रिक्षानं गेल्या. पुढं सगळ्यांना सांगत सुटल्या की त्या माणसाला झाकणाचं वेड आहे. वेड होतंच. पण ते कशातून आलं हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. निदान त्याला तरी तसंच वाटत होतं.

गॅरेज मूळ दोघा भावांचं. थोरला तो दादा, आणि हा धाकटा. पुढं रस्त्याला लागून काम करायची मोकळी जागा, वर पत्रा, मागं एक खोली, आणि बाजूनं वर जाणारा लोखंडी जिना. वरच्या दोन खोल्यांत दादा आणि वहिनी राहायचे. धाकट्याचं बिऱ्हाड पलीकडच्या गल्लीत. दादा डावखुरा. पाना डाव्या हातात धरायचा, आणि त्याच्या उजवीकडं उभं राहिलं की कोपर बरगडीत बसलंच म्हणून समजा. धाकट्यानं पंधरा वर्षं ते कोपर खाल्लं आणि त्यातूनच धंदा शिकला.

नऊ वर्षांपूर्वी दादाच्या स्वतःच्या व्हॅनचा टायमिंगचा पट्टा बदलायला झाला होता. धाकट्यानं तो बदलला. नवा पट्टा घातला, खुणा जुळवल्या, ताण बघितला, सगळं चोख. खालच्या झाकणाचा मात्र एक कान तुटका निघाला. नवीन झाकण मागवलेलं होतं, चार दिवसांत येणार होतं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायची घाई आली. त्यानं तुटकं झाकण बाकावर ठेवलं, पुली बसवली, वरचं झाकण लावलं, आणि परत आल्यावर दादाला सांगू म्हणून तो निघून गेला. तासा-दीड तासानं आला तेव्हा व्हॅन नव्हती. डोंगरावरच्या दगडाच्या खाणीत पाण्याचा पंप पोचवायचा होता, दादा तो घेऊन गेला होता.

पंप पोचला. दादा उतरताना गेला. उताराला इंजिन एकाएकी बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग हातात जड येतं, हे गाडीवाल्यांना सांगायला नको. तिसऱ्या वळणावर व्हॅन कठडा तोडून खाली गेली. तपासणीला आलेल्या साहेबानं इंजिन फिरवून बघितलं, ते फिरेना. "इंजिन बंद पडल्यामुळे" एवढं लिहून त्यानं कागद मिटला.

उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. धाकट्याला तर सगळं दिसतच होतं. खाणीचा रस्ता, बारीक खडी, उघडा पट्टा, एक खडा उडून पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेला, खेळ खलास. मी मारलं दादाला, असं तो मनात म्हणाला. त्यानंतर नऊ वर्षांत असा एक दिवस गेला नाही की त्यानं ते म्हटलं नाही.

बाकी व्हॅन भंगारात गेली, पण इंजिन परत आलं. कुणीतरी भल्या मनानं आणून दिलं, म्हणे भावाची आठवण. चार माणसांनी ते मागच्या खोलीत उतरवलं तेव्हा हा भिंतीकडं तोंड करून उभा होता. मग न बघताच त्यानं त्यावर ताडपत्री टाकली आणि दोरीनं आवळली. एक गोष्ट मात्र त्याला कधी उलगडली नाही. बाकावर ठेवलेलं ते तुटकं झाकण सापडेना. त्यानं बाकाखाली शोधलं, भंगाराच्या पिंपात हात घातला, झाडलेला कचरा उपसला. कुणीतरी फेकलं असेल म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. पण पुढं कितीदा तरी काम करता करता बाकाकडं नजर गेली की काळं, एक कान तुटलेलं काहीतरी तिथं पडलंय असं त्याला वाटायचं आणि हातातला पाना गळून पडायचा. बघावं तर ऑइलनं मळलेलं फडकं असायचं.

मागच्या खोलीत तो जात नसे. मोठा जॅक आत राहिला होता, तर या बहाद्दरानं नवीन जॅक आणला पण आत पाऊल टाकलं नाही. भर दुपारी वीज जायची, कॉम्प्रेसर बंद पडायचा, रस्ताही सुस्त व्हायचा, आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून आवाज यायचा. टिक. थोड्या वेळानं पुन्हा टिक. लांबून आलेली गाडी उभी केली की तापलेलं इंजिन निवताना असाच आवाज करतं. पत्रा तापतो, पत्रा वाजतो, हे त्याला कळत होतं हो, तो काही खुळा नव्हता. पण त्याचे कान मिस्त्रीचे होते. पत्र्याचा आवाज कुठला आणि इंजिनाचा कुठला, हे त्या कानांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तो उठून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा आणि वीज आली की परत यायचा. बायको म्हणायची, तुम्ही माझ्याशी बोलता बोलता मध्येच कान का टवकारता? तो म्हणायचा, सवय आहे.

वहिनींना त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी त्या जिना उतरून चहा घेऊन यायच्या, कपाच्या कानाला दोन बोटं लावून बाकावर ठेवायच्या आणि "भावजी, निवतोय" म्हणायच्या. तो मान वर करायचा नाही. नऊ वर्षांत त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून तो किती वेळा बोलला असेल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

आणि एक दिवस त्याच वहिनी कप ठेवून गेल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"भावजी, मागची खोली मला लागेल."

"कशाला?"

"गुडघे बघताय ना माझे? जिना चढवत नाही आता. खाली राहायला येते म्हणते."

"आत इंजिन आहे," तो म्हणाला.

"माहितीय. नऊ वर्षं त्याच्यावरच झोपतेय मी. माझी खाट बरोबर त्याच्या डोक्यावर येते." त्या साध्या आवाजात बोलत होत्या. "तुम्हाला भंगारवाला बोलवायचा तर बोलवा. पण आधी उघडा ते. मला बघायचंय काय झालं होतं."

"काय बघायचं त्यात? नऊ वर्षं झाली, गंजून त्याचा गोळा झाला असेल."

"झाला असू दे."

त्यानं आठ दिवस ढकलले. आज हे काम, उद्या ते काम, परवा पाठीत उसण. वहिनी रोज चहा ठेवल्यावर थोडा वेळ थांबायच्या आणि मग जिन्याकडं वळायच्या. एकेक पायरी, दोन्ही हात कठड्यावर. नवव्या दिवशी त्यानं गॅरेजचं शटर अर्धं ओढलं, रॅचेट आणि पाने घेतले आणि मागच्या खोलीची कडी काढली. वहिनी आधीच स्टूल घेऊन येऊन बसल्या.

ताडपत्री निघाली. इंजिन लहान दिसत होतं. एवढी वर्षं त्याच्या डोक्यात ते खोलीभर झालं होतं, आणि हे तर गुडघ्याच्या वर थोडंसं. पुढचा भाग चेपला होता, पुलीवर मातीचा थर वाळून बसला होता. त्यानं वरच्या झाकणाचे बोल्ट सोडले. आतलं आधी वहिनींना दिसू नये म्हणून तो अंगानं आड आला. वरचं झाकण निघालं. आत पट्टा नव्हताच. वरच्या चाकाला नुसता एक काळा धागा लोंबत होता.

तुटला होता म्हणजे. ठरल्याप्रमाणं. आता खाली खडा सापडेल, असं मनाशी म्हणून त्यानं पुलीचे चार बोल्ट काढले, दोन गंजलेले होते ते हातोडीनं ठोकून काढले, आणि पुली ओढली.

खालचं झाकण होतं.

जागच्या जागी बसलेलं होतं. तुटका कान होता तिथं भोकातून तार ओवून इंजिनाच्या ब्लॉकला आवळली होती, आणि तारेचा पीळ उलटा होता, डाव्या हाताचा. असा पीळ सबंध आयुष्यात त्यानं एकाच माणसाच्या हातचा बघितला होता. तो तसाच बसून राहिला. त्याला काही समजेना. मग हळूहळू समजलं, आणि छातीवरून काहीतरी उठल्यासारखं वाटलं. उघडा पट्टा नव्हता. खडा गेला नव्हता. नऊ वर्षं जे तो म्हणत आला ते खरं नव्हतं.

"आहे ना?" वहिनी मागून म्हणाल्या. "मीच बसवायला लावलं होतं."

त्यानं वळून बघितलं.

"तुम्ही त्या दिवशी गाडी पोचवायला गेलात ना, तेव्हा मी खाली झाडायला आले होते. बाकावर ते पडलेलं दिसलं. इतकी वर्षं गॅरेज झाडतेय, काय कुठलं असतं ते मला कळतं. ह्यांना म्हटलं, भावजी घाईत विसरले वाटतं, खडीच्या रस्त्याला चाललात, घालून घ्या. त्यांनी पुली उतरवली, तारेनं बांधलं, अर्धा तास मोडला. वर मलाच म्हणाले, धाकट्याला बोलू नकोस, ओशाळेल उगाच." वहिनींचा आवाज मऊ झाला होता. "नाही बोलले मी. नंतर तुम्ही लोकांशी झाकणावरून भांडायला लागलात, तेव्हा वाटायचं, बघा, मनाला लावून घेतलं. पण दिलेला शब्द कसा मोडायचा? मला तेवढंच बरं वाटायचं हो. त्या दिवशी सगळं वाईट झालं, पण एक गोष्ट मी नीट करून घेतली होती."

तो पुन्हा इंजिनाकडं वळला. तारेचा पीळ सोडला, झाकण बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

तार जराही सैल झाली नव्हती. तारेनं आपलं काम इमानानं केलं होतं, आणि तीच तर चूक होती. बोल्ट झाकणाला सरळ दाबून धरतो. तार त्याला आत ओढते. तुटक्या कानाचा कोपरा अर्धं बोट आत आला होता आणि त्याची कड आतून आरशासारखी चकाकत होती. जाता-येता डोंगराच्या रस्त्याला पट्ट्याची धार त्या कडेवर घासत राहिली होती. आत सगळीकडं रबराची काळी पूड बसली होती, आणि खाली उरलेल्या पट्ट्याची रुंदी निम्मी झाली होती. उरलेला निम्मा कधीतरी ताणानं तुटला. उतारावर तुटला.

झाकण घातलंच नसतं तर नवा पट्टा वर्षभर काय, चार वर्षं गेला असता. आणि नवीन झाकण तर चार दिवसांवर आलं होतं.

हे सगळं त्याला एका क्षणात दिसलं आणि पुढच्याच क्षणी पाठीमागच्या स्टुलावर बसलेली बाई दिसली. न वळताच त्यानं झाकण उताणं केलं, चकाकती बाजू तळहाताखाली घेतली.

"काय दिसतंय?" वहिनींनी विचारलं.

"पट्टा मी जास्त ताणला होता, वहिनी," तो म्हणाला. "माझीच चूक. जास्त ताणला की तुटतो."



"जास्त ताणलेला पट्टा गुणगुणतो," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणायचे ना नेहमी. वर खाटेवर पडून सांगायचे, ही आली ती ताणलेली, ती सैल. मलाही कळायला लागलं होतं. त्या दिवशी मी जिन्यात उभी होते, भावजी. गाडी माझ्या समोरून गेली. अजिबात गुणगुणत नव्हती."

त्यानं झाकण छातीशी धरलं.

"इकडं आणा ते."

त्यानं दिलं. काय करणार? वहिनींनी झाकण मांडीवर घेतलं, आतून बोट फिरवलं. कोपऱ्यापाशी बोट थांबलं. गुळगुळीत जागा त्यांनी पुन्हा एकदा चाचपली, मग बोटाला लागलेली काळी पूड बघितली. नंतर त्या बारीक झालेल्या पट्ट्याकडं बघत राहिल्या.

"एवढ्यानं?"

"एवढ्यानं," तो म्हणाला.

"आणि बसवलंच नसतं तर?"

त्याला वाटलं, आत्ता जीभ झडली तर बरं. पण त्या बाईला आता खोटं सांगणं जमणार नव्हतं. "आला असता घरी," तो म्हणाला.

वहिनी रडल्या नाहीत. झाकण मांडीवर धरून बसल्या. तोही जमिनीवर बसला. मग त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी आलं. नऊ वर्षं झाकणाशिवाय गाडी सोडली नाही, हे खरं. पण कान तुटका असेल आणि नवीन झाकण मिळत नसेल तेव्हा तो काय करत होता? तारेनं बांधत होता. दादाकडून शिकलेली रीत, फक्त पीळ सुलट. बेकरीवाल्याच्या टेम्पोचं झाकण त्यानं गेल्याच महिन्यात बांधलं होतं. तार प्लास्टिकात रुतेपर्यंत आवळलं होतं, निघू नये म्हणून. शाळेतल्या बाईंची ती निळी गाडी. त्या भांडल्या त्या दिवशी संध्याकाळी त्यानं स्वतः बांधून घरी नेऊन दिली होती. आणखी कोण? दूधवाला. दवाखान्यातला कंपाउंडर. तो एकेक नाव पुटपुटू लागला, आणि वहिनींना सांगावं लागलं नाही की तो काय मोजतोय.

"मग बसलात काय?" त्या म्हणाल्या. "जा."

तो पक्कड, पाने आणि जॅक घेऊन बेकरीपाशी गेला. दुपारची वेळ होती, टेम्पो दारातच उभा होता. बेकरीवाल्याला काही न सांगता त्यानं जॅक लावला आणि पाठीवर आडवा होऊन आत शिरला. पुली उतरवली, तार कापली, झाकण ओढून काढलं आणि तिथंच, टेम्पोखाली पडल्या पडल्या, ते डोळ्यांजवळ धरलं.

"अहो झाकणराव, काय चाललंय?" बेकरीवाला खाली वाकला होता. "झाकण काढून नेताय? तुम्हीच तर महिनाभरापूर्वी त्याच्यासाठी मला रडवलंत. आता त्याच्याशिवाय चालतं होय?"

"चालतं," तो म्हणाला. "नवीन येईपर्यंत चालतं. तुटकं बांधून घालण्यापेक्षा नसलेलं बरं."

"हे आधी कळलं नव्हतं वाटतं?"

त्यानं पुली परत बसवली आणि बाहेर सरकला. बेकरीवाला जरा हसला, पण टेम्पोखालून आलेला चेहरा बघून त्याचं हसू राहिलं. त्यानं पाणी आणून दिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

तो गॅरेजवर परतला तेव्हा वहिनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. वर जायला निघाल्या असाव्यात आणि तिथंच टेकल्या असाव्यात. त्यानं झाकण पाठीमागं धरलं होतं.

"निघालं?"

"निघालं."

"घासलं होतं?"

रस्ताभर त्यानं ठरवलं होतं की नाही म्हणायचं. बाईला तेवढा तरी आधार राहू दे. त्यानं झाकण पुढं केलं.

"होतं. इथं कान जरासाच आत आलाय, तरी आणखी दोन महिने टिकला नसता पट्टा."

वहिनींनी या झाकणावर हात फिरवला नाही, नुसतं बघितलं. "म्हणजे त्या दिवशी माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

"तुमच्यामुळं नाही, वहिनी. मी दादाला सांगून गेलो असतो की मुद्दाम काढून ठेवलंय, तर त्यानं हात लावला नसता."

"आणि मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नऊ वर्षं असे जळला नसता. आणि लोकांच्या गाड्या बांधत बसला नसता." त्यांनी कठड्याला धरून गुडघा सरळ केला, तोंड वेडंवाकडं झालं. "तिघंही एकमेकांना जपत बसलो."

कितीतरी दिवसांनी तो त्यांच्याकडं सरळ बघत होता. त्या फार थकल्या होत्या. तो खालच्या पायरीवर बसला.

"आता कुणाकडं जायचंय?" त्यांनी विचारलं.

"शाळेतल्या बाईंकडं. निळी गाडी."

"लांब आहे का?"

"नाही. चौकापलीकडं."

"मग मला हात द्या," वहिनी म्हणाल्या आणि उठायला लागल्या. "मी येते बरोबर. झाकण का काढतोय ते त्यांना मी सांगते."